उतरताना धरायला

"तुम्हाला दवाखान्याचा जिना एका दमात चढवत नाही, आणि डोंगर चढायचा म्हणताय?" व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तिचा गुडघा वाकवता वाकवता विचारलं.

"नाव लिहा," ताई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता. गुडघा काटकोनाच्या जरा अलीकडेच अडायचा आणि तिथून पुढे रेटला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

"अहो, मांडीच्या हाडात केवढी स्टीलची पट्टी आहे तुमच्या. डॉक्टर माझ्या नावाने खडे फोडतील."

"फोडू देत. आधार लागतो त्याला सोबत एक माणूस नेता येतो ना?"

"येतो. कुणाला नेणार?"

"भावाला."

बाईंचा हात थांबला. भाऊ त्यांना माहीत होता. सुरुवातीला तोच तिला चाकाच्या खुर्चीतून आणून सोडायचा आणि बाहेर भिंतीकडे तोंड करून बसायचा. पुढे त्याने यायचंच बंद केलं होतं.

"ते तयार झाले?"

"विचारलं नाही अजून," ताई म्हणाली. "पण मी पडेन म्हटल्यावर येईल."

दवाखान्याला अपघातातल्या माणसांसाठी नवी रुग्णवाहिका घ्यायची होती. त्यासाठी डोंगरचढाई ठेवली होती. चढणाऱ्याच्या ओळखीपाळखीच्या लोकांनी त्याच्या नावाने देणगी द्यायची, असा बेत. इथेच उपचार घेतलेला एखादा माणूस चढला तर लोकांचा हात सैल सुटेल, असं बाईच महिनाभर सगळ्यांना सांगत होत्या. पण त्यांच्या मनात होता तो हात मोडलेला कुस्तीगीर. ताई नव्हती.

ताईला रुग्णवाहिकेचं काही नव्हतं असं नाही. पण खरं कारण वेगळं होतं. तिला भावाला घराबाहेर काढायचं होतं, आणि बाकीचे सगळे उपाय करून झाले होते.

ती कवळ्या बनवायची. एका दंतशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर, मेणात एकेक दात बसवायचा, मग प्लॅस्टर, मग घासून गुळगुळीत करणं. आयुष्यभर हेच. मालक गिऱ्हाइकांना गमतीने सांगायचे, "आमच्याकडे खायचे दात आणि दाखवायचे दात वेगळे नसतात. एकाच पेटीत मिळतात." ताई त्यावर दरवेळी नव्याने हसायची. लग्न केलं नव्हतं. वडील लवकर गेले, धाकटा भाऊ तिच्यापेक्षा बराच लहान. आईने आणि तिने मिळून त्याला वाढवला. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून त्याचं नाव पडलं ढब्या. मोठा झाला, पावाच्या कारखान्यात गाडी चालवायला लागला, तरी ढब्याच राहिला.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी तो पहाटेपासून पाव पोचवून आला होता. मित्राची गाडी मागून आणली, आईला घरी न्यायला. आई मागे बसली होती, काळा चष्मा लावून. ताई पुढे. "झोप झालीय ना रे?" ताईने विचारलं होतं. "झालीय गं," तो म्हणाला होता. सरळ रस्ता, दुपारचं ऊन, आणि कडेला उभा असलेला एक मालट्रक. ढब्याचा डोळा लागला.

त्याला खरचटलं. ताईच्या मांडीचं हाड मोडलं. तो मदत आणायला रस्त्याने धावत सुटला, आणि मदत येईपर्यंत आई गेली.

नंतर लोक आले. नशीब म्हणाले. मावशी, आईची बहीण, स्वयंपाकघर सांभाळायला येऊन राहिली. ती रोज म्हणायची, "वेळ भरली होती माझ्या बहिणीची. ढब्या निमित्त झाला." तो ऐकून घ्यायचा. हळूहळू नोकरी सुटली, मग दाढी वाढली, मग खोलीचं दार लागलं. मावशी ताट दाराशी ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. ताई कुबड्यांवर दाराशी जाऊन उभी राहायची. तिला कधी काय बोलावं सुचायचं नाही. दातखीळ बसायची. नशीब होतं, असं तिला म्हणता येत नव्हतं, कारण तिला ते पटत नव्हतं. आणि जे पटत होतं ते त्या दारातून आत टाकलं असतं तर आतला माणूस उरला नसता, असं तिला वाटायचं.

नाव नोंदवून आली त्या संध्याकाळी तिने दारावर काठी आपटली.

"ढब्या, मी डोंगर चढायला चाललेय."

तिने काठी परत आपटली.

"दवाखान्याच्या लोकांबरोबर. रविवारी."

"वेड लागलंय तुला," आतून आलं.

"असेल. सोबत माणूस लागतो. तू नाही आलास तर एकटी जाईन. पडले तर पडले."

दार उघडलं नाही. पण रविवारी सकाळी तो चपला घालून ओट्याशी उभा होता. मावशीने डोळ्यांना पदर लावला आणि ताईकडे बघून मान हलवली, देव पावला म्हणून. त्याने पायांत बूट घातले नव्हते हे ताईच्या लक्षात आलं. "बूट घाल," ती म्हणाली. तो निमूटपणे आत जाऊन बूट घालून आला.

डोंगराच्या पायथ्याशी मोठी गर्दी होती. छातीवर नंबर लावलेले लोक, टोप्या, फोटो. कुस्तीगीर सगळ्यांच्या पाठीवर थापा मारत फिरत होता. व्यायामाच्या बाईंनी ताईला बाजूला घेतलं. "खिंडीपर्यंतच जायचं. तिथे चहा आहे. चहा प्यायचा आणि परत. टाळ्या तेवढ्याच पडतील. आणि एक लक्षात ठेवा, चढताना काही वाटणार नाही. गुडघा रडवतो तो उतरताना. तेव्हा भावाला पुढे ठेवा, त्यांच्या खांद्यावर हात टाकून उतरा."

खिंडीपर्यंतची वाट रुंद होती, पण चढताना काही वाटणार नाही हे खोटं निघालं. प्रत्येक पावलाला मांडीत कुणीतरी गरम सळई फिरवत होतं. ढब्या तिच्या दंडाला धरून चालत होता. बोलत नव्हता. पण त्याच्या गालांना ऊन लागत होतं, दम लागून त्याचं तोंड उघडं पडत होतं, आणि तिला तेवढ्यानेसुद्धा बरं वाटलं. मागून येणारे लोक पुढे जाताना म्हणायचे, "शाब्बास ताई!" ती हात हलवायची.

खिंडीत पोचले तेव्हा बहुतेक लोक पुढे गेले होते. चहाच्या पिंपाशी एक निवृत्त पोस्टमास्तर बसले होते, गळ्यात वायरलेस अडकवून. "या, या. आपला थांबा म्हणजे शेवटचं पोस्ट," ते म्हणाले. "यापुढे वाट अरुंद आहे. तुम्ही इथेच टेका."

ताई दगडावर बसली ती परत उठेल असं तिला वाटेना. पाय थरथरत होता. वर शिखर दिसत होतं, त्यावर मुंग्यांएवढी माणसं. तिने भावाकडे पाहिलं. तो वर बघत होता. कित्येक महिन्यांत त्याने मान वर करून काही पाहिलेलं तिला आठवत नव्हतं.

"तू जाऊन ये," ती म्हणाली. "माझ्या वाटचं वर जाऊन ये. मी बसते इथे."

"जाऊ?" त्याने विचारलं.

"जा की. एवढा आलायस तर."

तो लगेच तयार झाला. तिला आनंदच झाला. त्याने पाठीवरची पिशवी उतरवून तिच्याजवळ ठेवली. पाण्याची बाटली पिशवीत खोचली. मग खिशातून घराची किल्ली काढून तिच्या हातात दिली. "असू दे तुझ्याकडे. पडेल कुठेतरी," तो म्हणाला. तिच्या डोक्यावरची टोपी जराशी सरळ केली. आणि गेला.

पोस्टमास्तरांनी तिला चहा दिला. "धाकटे बंधू का? फारच शांत दिसतात."

"पूर्वी नव्हता."

"पाणीसुद्धा न घेता गेले. वर ऊन फार लागतं हो."

ताईने चहाचा घोट घेतला. पिशवीकडे बघितलं. बाटलीकडे बघितलं. हातातल्या किल्लीकडे बघितलं. ढब्याने आजपर्यंत घराची किल्ली कधी कुणाच्या हातात दिली नव्हती. उलट तिचीच हरवायची आणि तो तिला चिडवायचा. तिने चहा खाली ठेवला.

मीच धाडलं, तिच्या मनात आलं. ज्याला खोलीत एकटं ठेवायची भीती वाटत होती, त्याला मी कड्यावर एकटं धाडलं. आणि वर जा म्हणाले.

"वर कळवा ना," ती म्हणाली. "वायरलेसवर सांगा. तपकिरी स्वेटर घातलेला माणूस. त्याला थांबवा म्हणावं."

पोस्टमास्तरांनी बटण दाबलं. खरखर आली. परत दाबलं. "वाऱ्यात काही ऐकू जात नाही. येतील हो. काळजी करू नका, सगळे इथूनच परत येतात."

ती उठली. काठी टेकली आणि अरुंद वाटेला लागली. मागून पोस्टमास्तर हाका मारत राहिले.

थोड्याच अंतरावर दगडांच्या पायऱ्या लागल्या आणि पाय उचलेनासा झाला. मग ती खाली बसली. पाठ डोंगराकडे केली, दोन्ही हात मागच्या दगडावर टेकले आणि चांगल्या पायाने स्वतःला वर रेटलं. एक दगड. परत हात मागे, परत रेटा. मोडका पाय समोर लाकडासारखा घासत येत होता. अशा बसण्यात तिला फक्त खालचं दिसायचं, दरी आणि खिंड आणि लहान होत जाणारं चहाचं पिंप. वर काय चाललंय ते बघायला दरवेळी मान वळवावी लागायची. दरवेळी तिला वाटायचं, आता कुणीतरी ओरडेल. वरून आरडाओरडा ऐकू येईल आणि सगळं संपेल.

शिखरावरून परतणारे लोक भेटू लागले. तिला तशी सरपटताना पाहून ते बाजूला झाले आणि टाळ्या वाजवू लागले. "वा, ताई! जिद्द याला म्हणतात!" एकाने फोटो काढला.

"तपकिरी स्वेटर," ती म्हणत होती. "कुणी पाहिला का?"

"भेटतील वर, भेटतील! चला, थोडंच राहिलंय!"

तळहात सोलवटले होते. कधीतरी एका रेट्याला मांडीत काहीतरी कटकन वाजलं. त्यानंतर दुखणं वेगळंच झालं. ती थांबली, ओकली, तोंड पुसलं आणि परत हात मागे टाकला. रडायला तिला वेळ नव्हता.

एक मध्यमवयीन जोडपं उतरत आलं. त्यातल्या बाई टाळ्या वाजवता वाजवता थांबल्या. "काय झालं तुम्हाला?"

"माझा भाऊ. तपकिरी स्वेटर."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. "ते पुढे सोंडेवर जाऊन बसलेत," नवरा म्हणाला. "आम्ही सांगितलं, शिखराची वाट इकडून नाही. त्यांनी नुसती मान हलवली. थांबा, मी घेऊन येतो त्यांना."

"नको!" ती ओरडली. "कुणी जाऊ नका. परका माणूस नको. मला तिथवर न्या फक्त. आणि मग खाली जाऊन त्या पोस्टमास्तरांना सांगा, स्ट्रेचर पाठवा म्हणावं."

त्यांना समजलं. त्यांनी तिला दोन्हीकडून धरून वाट फुटते तिथवर नेलं. तिथून डोंगराची एक निमुळती सोंड बाहेर गेली होती, वर पिवळं गवत, दोन्ही बाजूंना काही नाही. सोंडेच्या टोकाला तो बसला होता, पाय खाली सोडून. बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवले होते.

ती गवतावरून बसत बसत गेली. हाक मारली नाही. दचकेल म्हणून. जवळ पोचल्यावर, पण हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, तिचं अंग पुढे सरकेना. ती तिथेच कलंडली.

"ढब्या."

त्याने मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य होतं, झोपेतून उठवल्यासारखं.

"कशी आलीस?"

"बसत बसत."

"पाय?"

"गेला बहुतेक. आत काहीतरी मोडलं."

त्याने डोळे मिटले. "बघ. परत माझ्यामुळेच."

वारा होता.

"सगळे म्हणतात नशीब," तो दरीकडे बघत म्हणाला. "मावशी म्हणते वेळ भरली होती. ट्रकवाल्याने कडेला गाडी लावायला नको होती म्हणतात. तू काहीच म्हणत नाहीस. एकदासुद्धा नाही. मी रोज दाराआड वाट बघायचो, आज तरी म्हणेल."

"काय म्हणायला हवं होतं?"

"खरं ते."

हेच ते, जे तिने इतके दिवस दाताखाली धरून ठेवलं होतं. खोटं बोलले तर तो जाईल, खरं बोलले तरी जाईल, असं तिला वाटलं. मग खरंच बोलावं.

"तुला झोप लागली," ती म्हणाली. "मी विचारलं तेव्हा झालीय म्हणालास, ते खोटं होतं. तुला झोप लागली, म्हणून आई गेली. नशीब नाही, ट्रक नाही. तू."

त्याचे खांदे हलले. तिला वाटलं गेला. पण तो रडत होता. मोठ्याने, नाक फेंदारून, लहानपणी रडायचा तसा.

"आई शेवटी काही म्हणाली का गं?" रडतच त्याने विचारलं. "मी धावत गेलो तेव्हा?"

"चष्मा म्हणाली. माझा चष्मा कुठे पडला बघ. ऊन डोळ्यांत जातंय."

"आणि?"

"आणि काही नाही. तुझं नाव घेतलं असं सांगू का? नाही घेतलं. माझंही नाही. चष्माच शोधत होती."

त्याच्या तोंडून रडण्याच्या मधूनच एक विचित्र आवाज आला, हसल्यासारखा. "तिचा चष्मा," तो म्हणाला. "घरातसुद्धा कपाळावर ठेवून घरभर शोधायची."

"मला तुझा राग येतो, ढब्या," ताई म्हणाली. आता सुरू झालं तर थांबता येईना. "रोज येतो. सकाळी उठून पाय खाली टेकला की येतो. आईच्या खाटेकडे बघितलं की येतो. इतका येतो की तुझ्या दाराशी उभी राहून मी ओठ चावायची. पण रागवायला तरी घरात माणूस लागतं ना रे? तू गेलास तर मी कुणावर रागावू? मावशीवर?"

त्याने बाहीने नाक पुसलं.

"आणि मला उतरता येणार नाही. बाईंनी सांगितलंय, उतरताना पुढे माणूस लागतो. मला दुसरं कोण आहे?"

ऊन कलायला लागलं होतं. ती गवत मुठीत धरून पडून राहिली. मुठीतलं गवत म्हणजे जणू त्याच्या स्वेटरचं टोक. किती वेळ गेला ते तिला समजलं नाही. मग त्याने एक पाय वर घेतला. मग दुसरा. बूट ओढून घेतले.

"आज उतरतो," तो म्हणाला. "उद्याचं सांगत नाही."

"उद्याचं मला तरी कुठे माहीत आहे?" ती म्हणाली. "नाडी नीट बांध. पडशील."

त्याने तिला पाठीवर घेतलं. खिंडीतून स्ट्रेचर घेऊन निघालेले लोक वाटेत भेटेपर्यंत त्याने तिला खाली ठेवलं नाही.

आतली पट्टी मोडली होती. परत ऑपरेशन झालं, आणि या वेळी गुडघा जो सरळ राहिला तो कायमचा. दवाखान्याने तिचा फोटो छापला, जिद्दीची गोष्ट म्हणून. व्यायामाच्या बाई मात्र तिच्याशी बरेच दिवस धड बोलल्या नाहीत. रुग्णवाहिका आली म्हणे. ताईने ती पाहिली नाही.

ढब्या मनाच्या डॉक्टरांकडे जातो. कधी जातो, कधी जात नाही. गाडी त्याने परत चालवली नाही. पावाच्या कारखान्यात भट्टीवर उभा राहतो. अधूनमधून दार परत लागतं, दोन दोन दिवस उघडत नाही, आणि ताई आणि मावशी एकमेकींकडे न बघता जेवतात. अशा वेळी ताईला त्या सोंडेवरचं गवत आठवतं आणि हात आपोआप मिटतात.

पण बहुतेक सकाळी तो उठतो. ताईला कामावर जायच्या आधी पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधावा लागतो, मांडीपासून घोट्यापर्यंत, आणि सरळ पायामुळे तिचा स्वतःचा हात खालपर्यंत पोचत नाही. तो तिच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसतो. ती खुर्चीत बसून त्याला बोलते. दुखत असेल त्या दिवशी जास्त बोलते. तुला झोप आवरली नाही, तुला एकदा थांबून तोंडावर पाणी मारता आलं नाही, माझी आई म्हातारपणी सुखाने बघणार होती सगळं. शेजारी ऐकतात. मावशी स्वयंपाकघरातून येऊन म्हणते, "पुरे गं, किती बोलशील त्याला सकाळी सकाळी?"

"बोलू दे तिला, मावशी," तो मान न उचलता म्हणतो, आणि घोट्याजवळचा पट्टा ओढतो. "घट्ट झाला का?"

"नाही," ताई म्हणते. "अजून एक भोक पुढे घे."